‘क्लीन करून परत बिल्ड कर’ : कंपायलरने जपून ठेवलेलं काम बरोबर आहे, हे तपासतात कसं?

संभाजीनगर असो, नांदेड असो की लातूर, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये एक सल्ला हमखास कानावर पडतो. कोडमधली चूक दुरुस्त केली, प्रोग्रॅम परत चालवला, तरी जुनीच चूक दिसते. मग शेजारचा मित्र म्हणतो, ‘अरे, क्लीन करून परत बिल्ड कर, होतंय.’ आणि खरंच होतं. का झालं ते मात्र कोणी सांगत नाही. प्रोजेक्ट जमा करायची घाई असते आणि विषय तिथेच मिटतो.

तो तिथे मिटू नये असं मला मनापासून वाटतं. कोड बरोबर आणि निकाल चुकीचा, याचा अर्थ मधल्या साधनाने कुठलीतरी जुनी नोंद अजून खरी धरली आहे. ही गफलत होते कशी, आणि कंपायलर लिहिणारी माणसं ती पकडायला काय काय करतात, ते इथे पाहू. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही हे समजायला अडचण नाही.

आधी तीन शब्द

माणसाने लिहिलेला कोड प्रोसेसरला थेट कळत नाही. त्याचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. छोटा प्रोग्रॅम असेल तर हे काम क्षणात होतं. मोठा प्रकल्प असेल, त्यात हजारो फाइली असतील, तर पहिल्या वेळी बरीच मिनिटं जातात. लॅपटॉप जुना, रॅम कमी, त्यात तालुक्याच्या गावी लाइटचा भरवसा नाही, अशा मुलाला ही मिनिटं फार महाग पडतात.

पण माणूस एका वेळी बदलतो किती? एखादं फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, कधी एखादीच ओळ. बाकीचा प्रकल्प कालचाच असतो. मग जे बदललं आणि त्या बदलाची झळ जिथवर पोचते तेवढंच पुन्हा करायचं आणि बाकीचं जपून ठेवलेलं वापरायचं. याला इन्क्रिमेंटल कंपायलेशन म्हणतात. जपून ठेवलेल्या कामाचा साठा म्हणजे कॅशे. कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणं म्हणजे बिल्ड, आणि कॅशे सगळा पुसून पहिल्यापासून केलेला बिल्ड म्हणजे क्लीन बिल्ड.

सात-बारा, फेरफार आणि आठ-अ

गावातल्या एका गटातली दोन एकर जमीन विकली गेली, असं धरा. खरेदीखत झालं की तलाठी काही गावाचं सगळं दप्तर नव्याने लिहायला बसत नाही. गाव नमुना सहाला फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, त्या गटाचा सात-बारा बदलतो. मग विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आठ-अ, म्हणजे त्यांच्या खात्यावर एकूण किती जमीन आहे ते दाखवणारा उतारा, बदलायला हवा. बाकी गावाच्या नोंदींना हात लावायचं कारण नाही.

आता समजा सात-बारा बदलला, पण विकणाऱ्याचा आठ-अ तसाच राहिला. खरीप तोंडावर आला, सोयाबीनच्या बियाणाला पैसा हवा, म्हणून तो पीककर्जाला बँकेत गेला. बँकेने आठ-अ पाहिला आणि विकून टाकलेल्या दोन एकरांवरही कर्ज मंजूर केलं. तलाठ्याने लिहिलेली प्रत्येक ओळ लिहिली त्या दिवशी खरी होती. चूक झाली ती एवढीच, की एक नोंद बदलल्यावर तिच्यावर आधारलेली दुसरी नोंद कोणती, याचा धागा सुटला.

इन्क्रिमेंटल कंपायलेशनमधल्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. कंपायलर आपल्या प्रत्येक छोट्या कामाची नोंद ठेवतो आणि ते काम करताना दुसऱ्या कुठल्या कामाचा निकाल वाचला, त्याचीही नोंद ठेवतो. या दुसऱ्या नोंदीला आपण ‘आधार’ म्हणू. एखादा आधार लिहायचा राहिला, की पुढे कधीतरी जुना निकाल नवा म्हणून वापरला जाणार हे ठरलेलं.

१९७६ मधली वाया गेलेली सकाळ

हा त्रास काही आजचा नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन नावाच्या संशोधकाने एक अख्खी सकाळ एका बरोबर प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती. तो वैतागून स्टुअर्ट फेल्डमन या सहकाऱ्याकडे गेला आणि त्यातून १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन जन्माला आलं. ते आजही जगभर वापरात आहे, आणि फेल्डमन यांना त्यासाठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा २००३ सालचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकची रीत सोपी आहे. कुठली फाइल कुठल्या फाइलीवर आधारलेली आहे, ते आपण लिहून द्यायचं. आधाराची फाइल तयार मालापेक्षा नवी दिसली, की मेक तो माल परत बनवतो. पण आधार माणसाने लिहायचे म्हटल्यावर एखादा राहून जातोच. शिवाय तारीख-वेळ पाहून ठरवलं, तर फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी काम पुन्हा होतं, आणि संगणकाचं घड्याळ मागे गेलं तर करायला हवं ते काम होत नाही.

म्हणून रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कंपायलरसारखी अलीकडची साधनं दोन गोष्टी वेगळ्या करतात. आधार माणसाला विचारत नाहीत, काम करता करता स्वतःच टिपतात. आणि वेळेऐवजी मजकुराचा ठसा पाहतात.

ठसा जुळला की काम थांबतं

ठसा म्हणजे मजकुरातून गणिताने काढलेला एक मोठा आकडा. मजकूर तोच तर ठसा तोच, एक अक्षर बदललं तर ठसा वेगळा. रस्टचा कंपायलर १२८ बिटांचा ठसा वापरतो.

बदललेल्या कोडवर कंपायलर पुन्हा चालतो तेव्हा प्रत्येक कामाला तो हिरवा किंवा लाल रंग देतो. सगळे आधार हिरवे असतील तर काम हिरवं, जुना निकाल चालेल. एखादा आधार लाल असेल तर काम पुन्हा करायचं. मात्र पुन्हा केल्यावर निकालाचा ठसा जुन्याशी जुळला, तर ते काम परत हिरवं धरायचं आणि बदलाची लाट तिथेच अडवायची. ही शेवटची पायरी मला सगळ्यात सुंदर वाटते. वारसाची नोंद झाली की सात-बारावरची नावं बदलतात, पण गटाचं क्षेत्र आणि आकार तेवढाच राहतो. म्हणून गावाच्या एकूण आकाराची बेरीज पुन्हा करावी लागत नाही, तसंच हे.

यात तपासायचं नेमकं काय?

साध्या कंपायलरचा टेस्ट म्हणजे एक प्रोग्रॅम द्यायचा आणि बाहेर पडलेला निकाल अपेक्षेशी ताडायचा. इन्क्रिमेंटल कंपायलेशन तपासताना एकटा प्रोग्रॅम घेऊन काही कळत नाही, कारण पहिल्या वेळी सगळं नव्यानेच होतं. इथे बदल तपासायचा असतो. म्हणून आधीचा कोड, नंतरचा कोड आणि दोन्ही वेळा तोच कॅशे, अशी जोडी लागते.

बरोबर कशाला म्हणायचं, याची कसोटी मात्र एका वाक्यात मावते: जुनं काम वापरून आलेला निकाल आणि क्लीन बिल्डचा निकाल एकच असला पाहिजे. अपेक्षित उत्तर माणसाने लिहून ठेवायचीही गरज नाही, क्लीन बिल्ड करून ते केव्हाही मिळतं. सॉफ्टवेअरच्या तपासणीत इतकी स्वच्छ कसोटी क्वचित हाती लागते.

पण ही कसोटी अर्ध्याच चुका पकडते. आळशी कंपायलर लिहिला, जो दरवेळी सगळंच नव्याने करतो, तर तो या कसोटीला शंभर टक्के उतरेल. निकाल बरोबर, फक्त वेग गेला. प्रोग्रॅम नीट चालतो, तक्रार कोणी करत नाही, आणि वर्षभरात बिल्ड हळूहळू जड होत जातो. म्हणून चांगल्या टेस्टमध्ये दुसरा प्रश्नही विचारावा लागतो: जे काम पुन्हा करायची गरज नव्हती, ते खरंच केलं नाही ना? पहिला प्रश्न चुकला तर निकाल खोटा, दुसरा चुकला तर सगळा खटाटोप फुकट.

एक टेस्ट जवळून पाहू

समजा कोडमध्ये तीन फंक्शनं आहेत. ‘दर’ एक आकडा परत देतं, ‘एकूण’ हे ‘दर’ला बोलावून वजनाशी गुणाकार करतं, आणि ‘शीर्षक’ पावतीच्या डोक्यावरचं नाव देतं. पहिल्या फेरीत ‘दर’ पाच देतं, दुसऱ्या फेरीत सात. रस्टच्या टेस्टमध्ये या दोन्ही आवृत्त्या एकाच फाइलीत लिहितात आणि कुठली आवृत्ती कुठल्या फेरीत दिसेल, त्याची खूण करतात. शिवाय प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर एक चिठ्ठी असते: दुसऱ्या फेरीत याची सगळी कामं हिरवी राहिली पाहिजेत, अमुक-अमुक सोडून.

‘दर’वरची चिठ्ठी सांगते की फंक्शनच्या आतला मजकूर लाल होईल, पण त्याची सही, म्हणजे काय घेतं आणि कोणत्या प्रकारचं उत्तर देतं, ती हिरवीच राहील. आकडा द्यायचा तो आकडाच देतं. त्यामुळे ‘एकूण’चे प्रकार पुन्हा तपासायचे नाहीत. ‘शीर्षक’ला तर स्पर्शही होता कामा नये. कंपायलरने एखादं काम जास्त केलं तरी टेस्ट नापास, कमी केलं तरी नापास.

मग तिसरी फेरी. तिच्यात कोड दुसऱ्या फेरीचाच, काहीही बदललेलं नाही, आणि सगळंच्या सगळं हिरवं असायला हवं. दिसायला ही फेरी निरर्थक वाटते, पण तिच्यात एक वेगळी खोड पकडली जाते. कंपायलरच्या आत एखादी यादी मेमरीतल्या पत्त्यांच्या क्रमाने वाचली जात असेल, तर तो क्रम दर वेळी वेगळा येतो आणि काही न बदलताही ठसा बदलतो. असा भोंगळ क्रम आत शिरू नये म्हणून रस्टच्या कंपायलरमध्ये, त्याच्या स्वतःच्या कोडवर नजर ठेवणारा खास नियमच घातलेला आहे.

या उदाहरणात एक खाच आहे. वेगासाठी कंपायलर कधीकधी ‘दर’च्या आतला मजकूर उचलून थेट ‘एकूण’मध्ये पेरतो. तसं झालं तर ‘एकूण’ची सही तीच, प्रकार तेच, पण त्याचा तयार माल ‘दर’च्या आतल्या मजकुरावर आधारलेला झाला. कोड वाचणाऱ्याला हा आधार दिसत नाही. टेस्ट लिहिणाऱ्याला तो माहीत असावा लागतो.

रिकामी ओळ, इशारे आणि गेलेली लाइट

कोडमध्ये वरती एक रिकामी ओळ घातली, तर काही बदललं का? अर्थ बदलला नाही. पण खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक एकाने सरकले. प्रोग्रॅम चालता चालता कोसळला, तर ‘अमुक ओळीवर कोसळला’ असा संदेश येतो, आणि तो क्रमांक तयार मालातच कोरलेला असतो. म्हणजे निकाल बदलला. कंपायलरने इकडे दुर्लक्ष केलं, तर संदेशातला ओळ क्रमांक खोटा निघेल आणि चूक शोधणारा माणूस भलत्याच ठिकाणी खणत बसेल. रस्टच्या टेस्ट फाइलींमध्ये जागोजागी नुसत्या आडव्या रेघांच्या टिप्पण्या दिसतात. दोन आवृत्त्यांतल्या ओळी आणि रकाने तंतोतंत जुळावेत, म्हणजे क्रमांक सरकल्याचा परिणाम खऱ्या बदलाच्या परिणामात मिसळणार नाही, यासाठी त्या तिथे असतात. पाहणाऱ्याला तो कचरा वाटतो, आहे ती कारागिरी.

इशाऱ्यांचंही तसंच. ‘हे व्हेरिएबल कुठे वापरलंच नाही’ असा इशारा कंपायलर ते फंक्शन तपासताना देतो. पुढच्या वेळी ते फंक्शन हिरवं असलं, तर तपासणीच होणार नाही, मग इशारा यायचा कुठून? म्हणून इशारेही कॅशेत जपून पुन्हा दाखवावे लागतात, आणि ते दिसतात याचा टेस्ट लागतो. फंक्शन काढून टाकलं तर त्याचा जुना माल मागे राहता कामा नये. बदल केला आणि परत होता तसा केला, तरी गाडी मूळ जागी आली पाहिजे. मध्येच एकदा कोड चुकीचा लिहिला, बिल्ड फसला आणि मग दुरुस्त केला, हा प्रवास तर रोजचाच. त्या फसलेल्या फेरीतलं अर्धवट काम पुढे घुसता कामा नये.

आणि लाइट. कॅशे लिहिता लिहिता लॅपटॉप बंद पडला तर? रस्टचा कंपायलर प्रत्येक फेरीसाठी वेगळं फोल्डर उघडतो आणि त्याच्या नावाला ‘काम चालू’ अशा अर्थाचं शेपूट जोडतो. सगळं नीट लिहून झाल्यावरच ते नाव बदलतं. पुढच्या वेळी शेपूट तसंच असलेलं फोल्डर दिसलं, तर ते अर्धवट आहे हे लगेच कळतं आणि त्यातलं काही वापरलं जात नाही. साठवलेल्या फाइलींवर कंपायलरची आवृत्तीही लिहिलेली असते. आवृत्ती बदलली की जुना साठा बाद.

‘मग दरवेळी क्लीनच करावं ना?’

ही शंका रास्त आहे. अधूनमधून क्लीन बिल्ड करण्यात गैर काही नाही. पण दरवेळी करायचं तर वेग मिळवण्यासाठी केलेली सगळी मेहनत वाया. शिवाय क्लीन करावं लागेल, हे कळायला आधी निकाल चुकतोय हे कळायला हवं. कॅशेमुळे चुकलेला निकाल आपल्याच कोडच्या चुकीसारखा दिसतो. शिकणारा मुलगा आधी स्वतःवर शंका घेतो, बरोबर ओळी खोडतो, भलत्याच ओळी लिहितो. त्याचा गेलेला आत्मविश्वास क्लीन बिल्डने परत येत नाही.

‘ग्राहकाला देताना तर पूर्णच बिल्ड होतो’

बहुधा होतो. रस्टमध्ये अंतिम आवृत्तीसाठी इन्क्रिमेंटल कंपायलेशन मुळात बंदच असतं. पण कोड लिहिताना, चाचण्या चालवताना, चूक शोधताना प्रोग्रॅमर दिवसभर ज्याच्यावर विसंबतो, तो इन्क्रिमेंटल बिल्ड. तिथे चाचणी खोटी पास झाली, तर पुढचे सगळे निर्णय त्या खोट्यावर उभे राहतात.

‘दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच आला तर?’

गणिताने शक्य आहे. पण १२८ बिटांत मावणारे वेगवेगळे ठसे सुमारे ३४ वर ३७ शून्यं इतके आहेत. खरा धोका इथे नाही. तो आहे न टिपलेल्या आधारात: कंपायलरने बाहेरची एखादी फाइल किंवा सिस्टिमची एखादी सेटिंग वाचली आणि तशी नोंदच केली नाही, तर ठसा कितीही लांब असला तरी उपयोग शून्य.

मे २०२१ मध्ये काय झालं

रस्टमध्ये इन्क्रिमेंटल कंपायलेशनची सोय फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या १.२४ आवृत्तीपासून आपोआप चालू असायची. ६ मे २०२१ रोजी १.५२.० आली आणि तिच्यात एक जादा पडताळणी चालू झाली: पुन्हा केलेल्या कामाचा ठसा जिथे जुन्याशी जुळायलाच हवा तिथे तो जुळतो का ते पाहायचं, आणि जुळला नाही तर कंपायलरने तिथेच थांबून ओरडायचं. लगेच अनेकांचे बिल्ड कोसळायला लागले. लोकांना वाटलं नव्या आवृत्तीने घोळ केला. खरं तर घोळ जुनाच होता, आतापर्यंत तो गुपचूप चालत होता, आता आवाज करू लागला. चारच दिवसांनी, १० मे रोजी, १.५२.१ आली आणि इन्क्रिमेंटल कंपायलेशन सरसकट बंद ठेवलं गेलं. दुरुस्त्या करून ते जुलैअखेरच्या १.५४ मध्ये पुन्हा चालू झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये, १.५९ च्या वेळी, एका बगमुळे, म्हणजे कंपायलरमधल्याच चुकीमुळे, ते परत बंद करावं लागलं आणि एप्रिलमधल्या १.६० मध्ये परत आलं.

मला रस्टचा कंपायलर बनवणाऱ्या गटाचा हा निर्णय फार मोलाचा वाटतो. वेग ही लोकांची मोठी मागणी होती, तरी खात्री नाही म्हणताच त्यांनी वेग सोडला. गप्प राहून चुकीचा माल देणाऱ्या कंपायलरपेक्षा अडून बसणारा कंपायलर केव्हाही बरा. आणि पडताळणी चालू केली नसती, तर हे दोष किती काळ दडून राहिले असते कोण जाणे.

टेस्ट कोण लिहितं?

ठरावीक जोड्या माणसं लिहितात. ‘इफ’ची अट बदलली, फंक्शनला एक पॅरामीटर वाढवला, लूपमधली मर्यादा बदलली, अशा एकेका बदलाला एकेक टेस्ट. त्यापलीकडे खऱ्या प्रकल्पांचा गिटमधला (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) इतिहास घेऊन एकेक कमिट, म्हणजे नोंदवलेला एकेक बदल, क्रमाने बिल्ड करत जातात आणि दर पायरीवर क्लीन बिल्डशी ताडतात. कारण खरी माणसं करतात ते बदल टेबलावर बसून सुचत नाहीत. वेगाची बाजू राखायला रस्टचा गट प्रत्येक मोठ्या बदलानंतर मोजमाप घेतो: कॅशे नसताना किती वेळ, कॅशे आहे पण काही बदललं नाही तेव्हा किती, आणि थोडं बदललं तेव्हा किती.

या टेस्ट फाइली सगळ्यांना खुल्या आहेत. रस्टच्या कोडमध्ये ‘टेस्ट्स’ फोल्डरच्या आत ‘इन्क्रिमेंटल’ आणि त्याच्या आत ‘हॅशेस’ नावाचं फोल्डर आहे. तिथली एकेक फाइल एका बैठकीत वाचून होते. परभणीत किंवा अंबाजोगाईत बसून ती वाचायला इंटरनेटशिवाय काही लागत नाही, आणि कंपायलर आतून कसा विचार करतो हे पुस्तकातल्या धड्यापेक्षा तिथे जास्त नीट दिसतं.

पुढच्या वेळी क्लीन केल्यावर एखादा प्रोग्रॅम अचानक नीट चालू लागेल असं वाटलं, तर क्लीन करण्याआधी प्रकल्पाचं पूर्ण फोल्डर, कॅशेसकट, दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मग क्लीन करा. निकाल बदलला तर तुमच्या हातात एक खरा बग आहे. आधीचा कोड, नंतरचा कोड, बिल्ड कुठल्या क्रमाने केले ते आणि कंपायलरची आवृत्ती, एवढं लिहून कंपायलरच्या गटाला कळवा. कोड जितका लहान करता येईल तितका करा. दोन फंक्शनांवर आणता आला तर फारच छान, कारण मग त्याचा थेट टेस्ट करता येतो. कॅशे एकदा पुसला गेला की तो बग पुन्हा उभा करणं त्या गटातल्या जाणत्या माणसालाही बऱ्याचदा जमत नाही.